हिब्रू, लादिनो आणि यिडिश: शब्दाची वाट कशी शोधावी

यहुदी जगातील एखादा शब्द मराठी वाचकासमोर येतो तो बहुधा बातमीतून, चित्रपटातून किंवा अनुवादित कथेतून. शब्दकोश उघडला की त्याच्यापुढे 'मूळ हिब्रू' एवढीच नोंद सापडते आणि शोध तिथेच थांबतो. ही नोंद खोटी नसते, पण अपुरी असते. एकच हिब्रू शब्द जर्मनीतून पोलंडला गेला की त्याचा उच्चार, अर्थ आणि अनेकवचन एका तऱ्हेने बदलते, आणि स्पेनमधून तुर्कस्तानात गेला की अगदी निराळ्या तऱ्हेने. शिवाय हिब्रू वाटणारे कित्येक शब्द मुळात लॅटिन, स्लाव्ह किंवा तुर्की असतात. म्हणून मूळ धातू शोधण्याआधी शब्द कोणत्या वाटेने आला हे ठरवावे, अशी शिस्त स्वतःला लावून घेणे इष्ट. या लेखात ती पद्धत उदाहरणांसह मांडली आहे. हिब्रू लिपी येत असल्यास काम पुष्कळ सोपे होते. ती बावीस अक्षरांची असून उजवीकडून डावीकडे लिहितात.

तीन भाषांचा जरुरीपुरता इतिहास

हिब्रू ही अरबी, अरामी आणि अक्कादी यांच्या कुळातील, म्हणजे सेमिटिक भाषा आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ती घराघरांतील बोली म्हणून मावळली, परंतु प्रार्थना, धर्मशास्त्र, पत्रव्यवहार आणि काव्य यांसाठी तिचा वापर अखंड चालू राहिला. १८८१ मध्ये पॅलेस्टाइनला आलेले एलिएझर बेन-येहुदा आणि त्यांच्या पिढीतील शिक्षक, लेखक यांच्या खटपटीतून ती पुन्हा बोलीभाषा झाली. त्यामुळे आजचा हिब्रू शब्द बायबलकालीन आहे, मध्ययुगीन आहे की गेल्या दीडशे वर्षांत घडवलेला आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

यिडिशचा जन्म सुमारे हजार वर्षांपूर्वी राइन नदीच्या खोऱ्यात, वर्म्स, माइन्झ, स्पायर अशा गावांत झाला. तिचा पाया मध्ययुगीन जर्मन बोलींचा आहे. पुढे यहुदी वस्ती पूर्वेकडे पोलंड, लिथुआनिया आणि युक्रेनमध्ये पसरली तेव्हा तिच्यात स्लाव्ह भाषांचा थर चढला.

लादिनोला जुदेझमो किंवा यहुदी-स्पॅनिश असेही म्हणतात. ३१ मार्च १४९२ रोजी स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला. निर्वासितांपैकी अनेकांना पुढे उस्मानी साम्राज्यात आसरा मिळाला. सालोनिका, इस्तंबूल, इझमीर, साराजेव्हो येथे त्यांनी आपली पंधराव्या शतकातील स्पॅनिश जपली आणि तिच्यात तुर्की, ग्रीक व नंतर फ्रेंच शब्दांची भर घातली. दुसऱ्या महायुद्धातील नरसंहाराने यिडिश आणि लादिनो या दोन्ही भाषांची मुख्य माहेरघरे उद्ध्वस्त झाली. सालोनिकाच्या यहुद्यांची मृत्युछावण्यांकडे रवानगी १९४३ मध्ये झाली. कागदावर सापडणारे पुष्कळसे शब्द आज ऐकायला मिळत नाहीत, याचे हे कारण.

शब्द कोणत्या थरातला, हे आधी ठरवा

यिडिशमधील सर्वांत जुने तारीख असलेले वाक्य १२७२ सालच्या वर्म्स येथील एका सणांच्या प्रार्थनाग्रंथात सापडते. मोठ्या सजवलेल्या अक्षरांच्या पोकळीत लेखनिकाने बारीक अक्षरात एक यमक लिहून ठेवले आहे. हा ग्रंथ जो प्रार्थनागृहात उचलून नेईल त्याला चांगला दिवस लाभो, असा त्याचा आशय. या वाक्यात 'माखझोर' (प्रार्थनाग्रंथ) आणि 'बेस हाक्नेसेस' (प्रार्थनागृह) हे शब्द हिब्रू आहेत, उरलेले सगळे जर्मन वळणाचे. यिडिशची घडण साडेसातशे वर्षांपूर्वीही अशीच होती. रोजचे व्यवहार जर्मन शब्दांनी होत आणि धर्म व विद्या यांचे शब्द हिब्रूतून किंवा अरामीतून येत.

शब्द मूळ लिपीत मिळाला तर थर ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे. यिडिशमध्ये जर्मन आणि स्लाव्ह शब्द उच्चाराप्रमाणे, स्वरांसकट लिहितात, तर हिब्रू-अरामी शब्द त्यांच्या मूळ वर्णलेखनाप्रमाणे, बहुतेक स्वर न दाखवता लिहितात. शिवाय ताव, खेत यांसारखी काही अक्षरे केवळ हिब्रू-अरामी शब्दांतच येतात. 'दिवस' या अर्थाचा 'टोग' हा जर्मन उगमाचा शब्द तेत या अक्षराने सुरू होतो, तर 'तोयरे' (तोरा, धर्मग्रंथ) हा ताव या अक्षराने. एक अक्षर पाहिले की अर्धा निकाल लागतो. सोव्हिएत संघातील प्रकाशने मात्र याला अपवाद आहेत. तिथे १९२० च्या दशकापासून हिब्रू शब्दही उच्चाराप्रमाणे लिहिण्याचे धोरण होते, त्यामुळे ही खूण त्या पुस्तकांना लावू नये.

शब्द रोमन किंवा देवनागरी लिप्यंतरात मिळाला असेल तर कानावर भिस्त ठेवावी लागते. पूर्व युरोपातील यहुद्यांच्या उच्चारात हिब्रूचा शब्दान्ती किंवा स्वरानंतर येणारा 'त' पुष्कळदा 'स' होतो, काही 'आ' स्वरांचा 'ओ' होतो, आणि उच्चारातील भर शेवटच्या अवयवावरून उपान्त्य अवयवावर सरकतो. 'शब्बात' (शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) चे 'शाबेस', 'एमेत' (सत्य) चे 'एमेस', 'मिश्पाखा' (कुटुंब) चे 'मिश्पोखे' हे या नियमानेच झाले आहे. लादिनोभाषकांनी 'त' टिकवला आणि भरही शेवटीच ठेवला. आधुनिक इस्रायली हिब्रूने याबाबतीत त्यांच्या वळणाचा उच्चार स्वीकारला. म्हणून 'शाबेस' असे ऐकू आले तर शब्द यिडिशच्या वाटेने आला आहे, असे धरून चालायला हरकत नाही.

लादिनोतील स्पॅनिश थर ओळखण्याची खूणही आवाजातच आहे. आजच्या स्पॅनिशमध्ये 'पक्षी' या अर्थाचा शब्द 'पाहारो' असा उच्चारतात, तर लादिनोत तो 'पाशारो' आहे. 'तो म्हणाला' हे आज 'दिहो', लादिनोत 'दिशो'. पंधराव्या शतकाच्या स्पेनमध्ये 'श' हाच उच्चार होता. तिथे तो बदलला तो यहुदी देश सोडून गेल्यानंतर. तेव्हा लादिनोतील 'श' हा बिघडलेला उच्चार समजण्याचे कारण नाही, उलट तो जुना उच्चार आहे. 'चार्शी' (बाजार) किंवा 'मुसाफिर' यांसारखे शब्द तुर्कीतून आलेले आहेत. यातला दुसरा मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल, पण लादिनोत त्याचा अर्थ प्रवासी असा नसून घरी आलेला पाहुणा असा आहे, कारण तुर्कीत तोच अर्थ रूढ झाला होता.

हिब्रू धातू कसा काढावा

शब्द हिब्रू थरातला आहे असे ठरले की त्याचा धातू काढावा. हिब्रू धातू बहुतांशी तीन व्यंजनांचा असतो आणि त्याभोवती स्वर, उपसर्ग व प्रत्यय यांचे साचे बसवून शब्द तयार होतात. सुरुवातीचा 'मि', 'म', 'त' आणि शेवटचे 'आ', 'एत', 'ऊत', 'ओन' हे पुष्कळदा साच्याचे भाग असतात, म्हणून ते आधी बाजूला काढावेत. 'कातव' (त्याने लिहिले), 'मिख्ताव' (पत्र), 'क्तोवेत' (पत्ता), 'केतुबा' (विवाहाचा करारलेख) या चारही शब्दांतून साचा काढला की क-त-ब उरते. क आणि ख, ब आणि व या जोड्या हिब्रूत एकेका अक्षराचेच दोन उच्चार असतात, हे लक्षात घेतले नाही तर 'मिख्ताव' आणि 'केतुबा' एकमेकांचे नातलग वाटणार नाहीत.

या टप्प्यावर मराठी वाचकाच्या हाती एक आयते साधन असते. बहमनी काळापासून फारसीच्या द्वारे अरबी शब्दांचा मोठा साठा मराठीत आला, आणि अरबी ही हिब्रूची सख्खी नातलग. क-त-ब पाहिल्याबरोबर 'किताब' आठवते. 'शालोम' पाहिले की 'सलाम'. हिब्रूतील 'श' च्या जागी अरबीत पुष्कळदा 'स' येतो आणि हिब्रूतील 'ओ' च्या जागी 'आ', हे दोन नियम पाठ असले तरी बरीच मजल मारता येते. 'मेलेख' (राजा) या शब्दातील म-ल-ख आपल्या 'मलिक' आणि 'मुलूख' यांत आहे. 'खाखाम' (शहाणा) मधील ख-ख-म म्हणजे अरबीतील ह-क-म, आणि त्याच्यावरून 'हकीम', 'हाकीम' आणि 'हुकूम' हे तिन्ही मराठीत नांदत आहेत. शहाणपण, वैद्यक, न्याय आणि अधिकार हे एकाच धातूच्या पोटातून निघालेले पाहून भाषाशास्त्र न शिकलेल्या माणसालाही गंमत वाटते.

काही धातूंतील एखादे व्यंजन रूप बदलताना गळते, तिथे हे साधन विशेष उपयोगी पडते. 'एमेत' म्हणजे सत्य. शब्दकोशात म-त शोधत बसल्यास काहीच हाती लागणार नाही, कारण मूळ धातू अ-म-न आहे आणि त्यातील 'न' पुढच्या 'त' मध्ये मिसळून गेला आहे. प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचे 'आमेन' आणि श्रद्धा या अर्थाचे 'एमुना' हे त्याच धातूचे. अरबीच्या बाजूला 'इमान' आणि 'अमानत' उभे आहेतच. 'इमानदार' माणसाशी 'एमेत' चे नाते आहे हे एकदा कळले की धातू विसरता येत नाही.

मात्र सारखे ऐकू येते म्हणून नाते जोडू नये. हिब्रूत सहाला 'शेश' म्हणतात आणि संस्कृतात 'षट्', हे पाहून मन लगेच उडी घेते. सेमिटिक भाषांची तुलना केली तर या शब्दाच्या जुन्या रूपात 'द' होता असे दिसते. अरबीतील 'सादिस' (सहावा) मध्ये तो अजून शिल्लक आहे. एकट्या शब्दाचे साम्य हा पुरावा होत नाही. तोच व्यंजनबदल आणखी चार-पाच शब्दांत नेमाने दिसला पाहिजे. 'श' आणि 'स' चा नियम 'शालोम' वर थांबत नाही, तो 'शेमेश' आणि 'शम्स' (सूर्य) यांच्या शेवटच्या व्यंजनात आणि 'लाशोन' व 'लिसान' (जीभ, भाषा) यांतही चालतो, म्हणून तो नियम.

एक पदार्थ, दोन नावे

पद्धत संपूर्ण वापरून पाहण्यासाठी एक स्वयंपाकघरातील उदाहरण घेऊ. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, धर्मनियमानुसार विस्तव पेटवता येत नाही आणि अन्न शिजवता येत नाही. पण शनिवारी दुपारी गरम जेवण तर हवे. म्हणून शुक्रवारी दिवसाउजेडी कडधान्य, मांस, धान्य किंवा बटाटे एका भांड्यात घालून ते मंद आचेवर किंवा निवत्या भट्टीत रात्रभर ठेवण्याची रीत पडली. या पदार्थाला यिडिशमध्ये 'चोलंट' म्हणतात आणि स्पेनमधून आलेल्या यहुद्यांत 'खामिन'.

'खामिन' पासून सुरुवात करू. शेवटचा '-इन' हा अनेकवचनाचा प्रत्यय. उरतो 'खाम', म्हणजे गरम. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात संकलित झालेल्या मिश्ना या धर्मशास्त्रग्रंथात शब्बाथपूर्वी गरम अन्न झाकून ठेवण्याच्या संदर्भात हाच शब्द येतो. धातू ख-म-म. अरबीत तो ह-म-म होतो, आणि तेथून आपल्या 'हमाम' पर्यंत पोचायला वेळ लागत नाही. इथवर सारे सरळ आहे. आता लादिनोने काय केले ते पाहा. त्या भांड्यात अख्खी अंडीही ठेवतात, ती रात्रभर उकडून तपकिरी होतात. त्यांना 'ग्वेव्होस खामिनादोस' म्हणतात. 'ग्वेव्होस' म्हणजे अंडी, हा स्पॅनिश शब्द. 'खामिनादोस' मध्ये मधला भाग हिब्रू आणि शेवटचा '-आदो' हा स्पॅनिश धातुसाधिताचा प्रत्यय, वर 'स' हे स्पॅनिश अनेकवचन. हिब्रू अनेकवचनाला स्पॅनिश प्रत्यय लागला आणि त्याचे पुन्हा स्पॅनिश अनेकवचन झाले, आणि हे सगळे एका अंड्यासाठी!

'चोलंट' कडे वळल्यावर पहिला मोह होतो तो याचेही हिब्रू मूळ शोधण्याचा. तसे एक स्पष्टीकरण प्रचलितही आहे. हिब्रूतील 'शे-लान' म्हणजे 'जे रात्रभर राहिले' यावरून हा शब्द आला असे ते सांगते. ते ऐकायला चपखल वाटते. पण यिडिश लेखनात हा शब्द हिब्रू शब्दासारखा लिहीत नाहीत, आणि 'शे-लान' मधून सुरुवातीचा 'च' कसा आला हेही सांगता येत नाही. अभ्यासक हा शब्द जुन्या फ्रेंचमधील, लॅटिन 'कालेन्स' (गरम असलेले) पासून निघालेल्या शब्दाशी जोडतात. राइनकाठी वसलेल्या यहुद्यांपैकी बरेचजण फ्रान्स आणि इटलीकडून आले होते, आणि येताना त्यांनी आपल्या जुन्या बोलीतील काही शब्द बरोबर आणले. जेवणानंतरची प्रार्थना म्हणणे या अर्थाचे 'बेन्चन' हे क्रियापद लॅटिन 'बेनेदिचेरे' (आशीर्वाद देणे) चे रूप आहे, आणि 'लेयेनन' (वाचणे) हे लॅटिन 'लेगेरे' चे. लादिनोत धर्मग्रंथ वाचण्याला 'मेल्दार' म्हणतात. तेही रोमान्स वाटेनेच आले, पण त्याच्या मुळाशी ग्रीक 'मेलेतान' (अभ्यास करणे) आहे. म्हणजे दोन्ही समाजांनी एकाच पदार्थाला 'गरम' म्हटले. जर्मन पायाच्या भाषेने त्यासाठी लॅटिन घराण्यातील शब्द वापरला आणि लॅटिन घराण्यातील भाषेने हिब्रू. थर आधी ओळखला नसता तर यातले काहीच उलगडले नसते.

अर्थ कुठे वळला ते पाहा

रूप सापडले म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक मुक्कामावरचा अर्थ वेगळा लिहून घ्यावा. 'मझाल' हा शब्द बायबलमध्ये अनेकवचनात, आकाशातील राशी किंवा ग्रह या अर्थी येतो, आणि त्याहीपूर्वीचे त्याचे मूळ अक्कादी भाषेत असल्याचे मानतात. नंतरच्या हिब्रूत राशीचा अर्थ नशिबाकडे सरकला. ज्या भाषेत 'त्याचे ग्रह फिरले' असे सहज म्हटले जाते तिच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नकार्यात म्हणतात ते 'मझाल तोव' म्हणजे शब्दशः 'चांगला तारा'. यिडिशमध्ये त्याचे 'मझल-टोव्ह' झाले, आणि जर्मन 'श्लिम' (वाईट) शी त्याची गाठ पडून 'श्लिमझल' तयार झाला, म्हणजे ज्याचे कधीच धड होत नाही असा अभागी माणूस. तिथून तो जर्मनमध्ये 'श्लामासल' (घोळ, फजिती) होऊन शिरला आणि यहुद्यांशी काहीही संबंध नसलेल्या माणसांच्या तोंडी रुळला. लादिनोत नशीबवान माणूस 'मझालोझो', आणि स्पॅनिशमध्येच 'देस्माझालादो' (उत्साह गळालेला) असा शब्द आहे, ज्याच्या पुढे-मागे स्पॅनिश उपसर्ग-प्रत्यय आणि मध्ये हिब्रू तारा आहे.

वर आलेला 'खाखाम' असाच पाहण्याजोगा आहे. लादिनोत 'खाखाम' म्हणजे रब्बी, समाजाचा धर्मगुरू. उस्मानी राजवटीत यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूला 'हाहामबाशी' हा तुर्की हुद्दा याच शब्दावरून मिळाला. यिडिशमधील 'खोखेम' म्हणजे शहाणा माणूस, पण बोलण्यातील स्वर बदलला की तोच शब्द 'मोठा शहाणा' या मराठी उपरोधासारखा टोचतो. असे उपरोधाचे अर्थ शब्दकोशात शेवटी, बारीक टाइपात असतात. ते सोडू नयेत, कारण बोलताना पुष्कळदा तेच अभिप्रेत असतात.

व्याकरणाचे तुकडेही असेच उसने जातात. हिब्रूचा '-ईम' हा अनेकवचनाचा प्रत्यय यिडिशने 'डॉक्टर' सारख्या शब्दालाही लावून 'डोक्तोयरिम' केले, आणि लादिनोने स्पॅनिश 'लाद्रोन' (चोर) ला लावून 'लाद्रोनिम'. द-र-श (शोधणे, विचारणे) या धातूपासून यिडिशने 'दार्शेनन' आणि लादिनोने 'दार्सार' अशी प्रवचन किंवा अध्ययन या अर्थांची क्रियापदे आपापल्या व्याकरणात घडवली. हिब्रू 'मिद्राश' आणि अरबी 'मदरसा' यांचा आपसांतील संबंधही याच धातूच्या परिवारात येतो. म्हणून केवळ प्रत्यय पाहून भाषेचा निर्णय देऊ नये.

रंजक कथांची प्रतवारी

शब्दाच्या जन्माची कथा जितकी सुरस, तितकी ती अधिक तपासावी. यहुदी पुरुष डोक्यावर घालतात त्या टोपीला यिडिशमध्ये 'यार्मल्के' म्हणतात. हे अरामीतील 'यारे माल्का', म्हणजे 'राजाचे (देवाचे) भय बाळगणारा' यावरून आले असे अनेक घरांत सांगितले जाते. प्रत्यक्षात पोलिश आणि युक्रेनियन भाषांत हाच शब्द टोपी या अर्थी आहे आणि यिडिशने तो तिथून घेतला आहे. त्याच्या आधीचा उगम तुर्की की मध्ययुगीन लॅटिन, याविषयी मतभेद आहेत. आपल्या टिपणवहीत अशा वेळी तीन खाने असावेत: निश्चित, संभाव्य आणि लोककथा. 'पोलिशमधून आला' हे पहिल्या खान्यात, तुर्की उगम दुसऱ्यात, 'राजाचे भय' तिसऱ्यात. तिसरा खानाही फेकून देण्यासारखा नसतो, कारण लोक स्वतःच्या शब्दाकडे कसे पाहतात हे त्यातच कळते.

लादिनोतील दोन शब्दांवरून हा भेद अधिक स्पष्ट होतो. रविवारला स्पॅनिशमध्ये 'दोमिंगो' म्हणतात, म्हणजे प्रभूचा दिवस. हा अर्थ ख्रिस्ती असल्याने यहुद्यांनी त्याऐवजी अरबीतील 'अल-अहद' (पहिला) वरून 'अल्हाद' वापरला. हे रूप, अर्थ आणि इतिहास तिन्ही बाजूंनी जुळते. देवाला मात्र स्पॅनिश 'दिओस' ऐवजी लादिनोत 'एल दिओ' म्हणतात, आणि 'स' हे अनेकवचनाचे चिन्ह वाटल्याने एकेश्वरवाद्यांनी तो गाळला, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, पण ते मनातील हेतूविषयी आहे आणि हेतू अक्षरांवरून सिद्ध होत नाही. पहिला शब्द 'निश्चित' मध्ये जावा, दुसरा 'संभाव्य' मध्ये.

उलट दिशेची आणि दूरची ये-जा

शब्द नेहमी हिब्रूकडून बाहेरच जातात असेही नाही. 'तख्लीत' (हेतू) या हिब्रू शब्दाचे यिडिशमध्ये 'ताख्लेस' झाले, अर्थ 'मुद्द्याची गोष्ट' असा झाला, आणि आज इस्रायलमध्ये हिब्रू बोलताना लोक हेच 'स' असलेले रूप वापरतात, जणू तो परदेशी शब्द आहे. 'किबुत्सनिक' मधील '-निक' स्लाव्ह भाषांतून यिडिशमार्गे आला. 'बुरेकास' हा लादिनोतील अनेकवचनी शब्द, पण इस्रायलींना तो एकवचनी वाटला आणि त्यांनी त्यावर 'बुरेकासिम' असे दुसरे अनेकवचन चढवले. जुन्या शब्दाला नवा अर्थ देण्याची रीत तर आधुनिक हिब्रूचा कणाच आहे. 'खश्मल' हा शब्द बायबलमध्ये यहेज्केल या संदेष्ट्याच्या दृष्टान्तात एका झळाळत्या पदार्थासाठी येतो. प्राचीन ग्रीक अनुवादात त्याला 'एलेक्त्रोन' म्हटले असल्याचा धागा पकडून एकोणिसाव्या शतकात कवी येहुदा लाइब गोर्डन यांनी तो विजेसाठी सुचवला. शब्द अडीच हजार वर्षांचा, अर्थ जेमतेम दीडशे वर्षांचा. दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात.

भारतातून गेलेले शब्द शोधणाऱ्यालाही निराश व्हावे लागत नाही. बायबलमधील एस्तेरच्या पुस्तकात राजवाड्याच्या पडद्यांचे वर्णन करताना 'कर्पास' हा शब्द येतो. तो फारसीमार्गे आलेला संस्कृत 'कार्पास', म्हणजे आपला कापूस. वल्हांडण (पासोव्हर) या सणाच्या जेवणातील पालेभाजीलाही 'कर्पास' म्हणतात, पण त्या शब्दाचा कापसाशी संबंध नाही. 'साखर' तर तिन्ही भाषांत आहे: हिब्रू 'सुकार' अरबी 'सुक्कर' वरून, यिडिश 'त्सुकर' इटालियन आणि जर्मन वाटेने, आणि लादिनो 'असुकार' स्पॅनिशमार्गे. शेवटच्यातील सुरुवातीचा 'अ' हे अरबी 'अल' या उपपदाचे अवशेष आहेत. तिन्ही वाटा अरबीतून फारसीकडे आणि तेथून 'शर्करा' कडे जातात.

कोकणात हीच पद्धत लावताना

मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजाच्या शब्दांना ही पद्धत लावू पाहणाऱ्याने एक फरक ध्यानात ठेवावा. यिडिश आणि लादिनोत धर्मविषयक शब्द बहुतांशी हिब्रू आहेत, तर कोकणातील या समाजाने पिढ्यानपिढ्या सणांनाही मराठी नावे दिली होती. योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) हा 'दारफाळणीचा सण', आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास 'बिरड्याचा रोजा', कारण तो सोडताना वालाचे बिरडे खात. शब्बाथ पाळून तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांना शेजारी 'शनिवार तेली' म्हणत. प्रार्थनागृहाला ते 'मशीद' म्हणत आले आहेत, मुंबईत १७९६ मध्ये उभारलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनागृहालाही. एलियाहू संदेष्ट्याच्या नावे पोहे, खोबरे आणि फळे यांचा जो 'मलिदा' करतात त्याचे नाव फारसी आहे. इथे हिब्रू धातू शोधत बसल्यास वेळ वाया जाईल. इथले थर मराठी, फारसी आणि अरबी आहेत, आणि हिब्रू पुस्तकी शिक्षणाबरोबर नंतर दाट होत गेली. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाचा विधी सांगणारी हगादा मराठी अनुवादासह छापली गेली, ती या नंतरच्या काळातील.

साधने आणि सराव

हिब्रूसाठी १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिब्रू भाषा अकादमीची संकेतस्थळावरील ऐतिहासिक सामग्री आणि यिडिशसाठी १९२५ मध्ये विल्ना येथे सुरू होऊन नंतर न्यूयॉर्कला गेलेल्या यिव्हो संस्थेची लेखनपद्धती प्रमाण मानावी. लादिनोचे रोमन लेखन मात्र देशागणिक बदलते. एकच शब्द तुर्की, फ्रेंच किंवा स्पॅनिश धाटणीने लिहिलेला सापडतो, तेव्हा शोधताना तिन्ही रूपे घालून पाहावीत.

सरावासाठी लादिनोतील 'खावेर' आणि 'खाबेर' हे दोन शब्द घ्यावेत. रोमन लिपीत एका अक्षराचा फरक असतो आणि घाईत दोन्ही एकच वाटतात. पहिला म्हणजे सोबती किंवा धंद्यातील भागीदार. तो हिब्रू आहे, धातू ख-ब-र (जोडणे), आणि यिडिशमध्येही 'खावेर' म्हणजे मित्र. दुसऱ्याचा पत्ता हिब्रू शब्दकोशात लागणार नाही, कारण तो तुर्कीतून आला आहे आणि तुर्कीने तो अरबीतून घेतला. त्याचा अर्थ विचारायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही. तो म्हणजे 'खबर'.